शिवाजी पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या शिवाजी पार्कबद्दल लोक तेच तेच प्रश्न पाठवत असतात. कुणी नुकतंच शेजारी राहायला आलेलं असतं, कुणाला मुलाला क्रिकेटला घालायचं असतं, कुणाला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते, तर कुणी मेळाव्याच्या गर्दीने त्रासलेलं असतं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत आणि वादाचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट पुन्हा लागली, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिवाजी पार्क ही बाग आहे की मैदान?

मैदान. नावात ‘पार्क’ असल्यामुळे बाहेरून आलेली माणसं कारंजी, फुलांचे ताटवे शोधतात आणि समोर लाल मातीचं भलंमोठं पटांगण बघून बुचकळ्यात पडतात. क्षेत्रफळ १,१२,९३७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७.९ एकर. झाडं आहेत ती सगळी कडेने. मधला भाग मोकळा आहे, आणि मुंबईसारख्या शहरात एवढी जागा शंभर वर्षं मोकळी राहिली हीच या मैदानाची सर्वांत मोठी गोष्ट आहे. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून इथेच येतात.

२. हे मैदान कधी झालं? त्याआधी इथे काय होतं?

याचं मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरगाव, मांडवी, काळबादेवीसारख्या दाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट दगावली. हवा-उजेड नसलेली घरं आणि गटारं यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. त्यातून १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंगा-वडाळा-शीव पट्ट्यात, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राखून नव्या वसाहती आखायच्या, असं धोरण आलं. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्याच विचारातून झाल्या.

रेल्वेच्या पश्चिमेला समुद्राच्या बाजूचा हा भाग तेव्हा माहीमचाच समजला जाई. १९२५ मध्ये महापालिकेने इथे मैदान खुलं केलं, त्याचं नाव ‘माहीम पार्क’. मैदान आधी झालं आणि भोवतालची वस्ती मागाहून भरत गेली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरं उठल्यावर उरलेल्या तुकड्यावर मैदान करायचं ठरलं असतं, तर एवढी जागा हाती लागली नसती.

३. ‘माहीम पार्क’चं ‘शिवाजी पार्क’ कुणी केलं?

नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि १९२७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचं निमित्त साधून, पालिकेने नाव बदललं. इंग्रजांचं राज्य असताना शहरातल्या एवढ्या मोठ्या सार्वजनिक जागेला महाराजांचं नाव देणं ही तेव्हा साधी बाब नव्हती.

अवंतिकाबाईंची ओळख एवढ्यावरच संपवणं बरोबर नाही. १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्या आणि त्यांचे पती बबन गोखले चंपारणला कामासाठी गेले. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. हिंद महिला समाजही त्यांनीच काढला. मैदानावर दर रविवारी येणाऱ्या शेकडो लोकांना त्यांचं नाव माहीत नसतं. शाळेच्या प्रकल्पासाठी विचारणाऱ्या मुलांनी दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र जरूर लिहावं.

४. महाराजांचा जन्म १६३० चा. मग त्रिशताब्दी १९२७ मध्ये कशी?

हा प्रश्न दर फेब्रुवारीत येतो आणि तो रास्त आहे. त्या काळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ ही जन्मतिथी सर्वसाधारणपणे धरली जात असे. त्या हिशोबाने १९२७ मध्ये तीनशे वर्षं पूर्ण होत होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जुन्या तारीखवार नोंदींत, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती, पण तिच्यावर इतिहासकारांचा वाद दीर्घकाळ चालला. पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. १९२७ सालच्या लोकांनी त्यांच्या काळी रूढ असलेल्या तिथीप्रमाणे उत्सव केला, इतकंच.

५. आत्ताचं अधिकृत नाव काय? ‘शिवतीर्थ’ म्हणजे हेच का?

२०२० मध्ये महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असं नामकरण मंजूर केलं. अर्ज, निविदा, कोर्टकज्जा यांत ते पूर्ण नाव लिहावं. ‘शिवतीर्थ’ हे सभा-मेळाव्यांच्या भाषणांतून रुजलेलं नाव आहे आणि तेही याच मैदानाला उद्देशून वापरतात. रोजच्या बोलण्यात मात्र सगळे ‘पार्क’ एवढंच म्हणतात. दादर-माहीमकडचा माणूस ‘पार्कात भेटू’ म्हणाला, तर दुसरं कुठलं पार्क शोधत बसू नका.

६. यायचं कसं? तिकीट आहे का?

तिकीट नाही. पश्चिम किंवा मध्य रेल्वेने दादरला उतरून पश्चिमेला बाहेर पडा आणि रानडे रोडने चालत या. वीस मिनिटं धरा, संध्याकाळी बाजाराच्या गर्दीत थोडी जास्त. माटुंगा रोड स्थानकावरूनही चालत येता येतं. मे २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ चं दादर स्थानकही सुरू झालं आहे. गाडी आणू नका. पार्किंगला जागा मिळत नाही आणि मिळाली तर ती कुणातरी रहिवाशाच्या दारासमोरची असते.

७. ‘कट्टा’ म्हणजे नेमकं कुठे?

मैदानाला चारी बाजूंनी वेढणारा, बसता येईल एवढ्या उंचीचा कठडा म्हणजे कट्टा. त्याच्या बाजूने चालायची वाट आहे, एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची होते. चालायला येणाऱ्यांचा हिशोब किलोमीटरमध्ये नसतोच, ‘आज तीन झाल्या’ असा असतो.

पहाटे कट्ट्यावर निवृत्त मंडळी वर्तमानपत्रं घेऊन बसतात. दहाच्या सुमारास क्रिकेटच्या किटबॅगा टेकवलेल्या दिसतात. दुपारी वर्षावृक्षांच्या सावलीत टॅक्सीवाले आणि कुरिअरची मुलं डबा खातात. संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली, प्रेमात पडलेली जोडपी, नाटकाच्या तालमीवरून आलेले कलाकार. सूर्य मावळतीला लागला की वर्षावृक्षाची पानं जोडीजोडीने मिटायला लागतात आणि दुपारी दाट वाटणाऱ्या फांद्यांतून आकाश दिसू लागतं. अंधारून आलेल्या पावसाळी दिवशीही ती तशीच मिटतात. कट्ट्यावर बसलात तर एकदा वर बघा.

कट्ट्यावर कुणाची जागा राखीव नसते. घरात बसायला जागा नसलेल्या शहरात, खिशाला चाट न लावता तासन्‌तास बसू देणारी ही जागा आहे. म्हणून दुरुस्तीच्या नावाखाली त्यात सलग कुंपण घालायची कल्पना कुणी मांडली, की इथली माणसं चिडतात.

८. भोवतालच्या जुन्या इमारती एका वळणाच्या का वाटतात? त्या ‘युनेस्को’च्या यादीत आहेत का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाहीत. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातला व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह. शिवाजी पार्कच्या इमारती बऱ्याचशा त्याच आर्ट डेको शैलीतल्या असल्यामुळे घोळ होतो.

शैली सारखी वाटते कारण बहुतेक इमारती १९३० आणि १९४० च्या दशकांत, थोड्याच वर्षांच्या अंतराने उठल्या. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, गोल वळणाच्या गॅलऱ्या, जिन्यावर उभी काचेची खिडकी, फाटकावर नाव. सगळ्यांची उंची जवळपास सारखी राहिल्यामुळे मैदानात उभं राहिलं की आकाश मोठं दिसायचं. आता पुनर्विकासात एकेक इमारत पाडून टॉवर येतो आहे. जुन्या घरांत लिफ्ट नाही, गळती आहे, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर अडकून पडतात. पुनर्विकास हवा असणाऱ्या रहिवाशांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी आहे.

९. मैदान मोकळं म्हणता, मग आतल्या इमारती कसल्या?

कडेकडेने आहेत त्या. शिवाजी पार्क जिमखाना, बंगाल क्लब, समर्थ व्यायाम मंदिर (प्रश्न १५ पाहा), स्काउट पॅव्हेलियन, वाचनालय, उद्यान गणेश मंदिर, लहान मुलांचं खेळायचं उद्यान आणि ज्येष्ठांसाठी नाना-नानी पार्क. प्रवेशाजवळ मीनाताई ठाकरे यांचा पुतळा आहे. बंगाल क्लबची दुर्गापूजा दरवर्षी मैदानावर मांडव घालून होते आणि तेव्हा अख्ख्या दादरला शंखध्वनी ऐकू येतो.

मात्र मुलांना सांगताना एक गल्लत टाळा. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि जुना महापौर बंगला मैदानाच्या आत नाहीत, ते समोर वीर सावरकर मार्गावर आहेत. चैत्यभूमीही मैदानात नाही (प्रश्न २१).

१०. महाराजांच्या पुतळ्याच्या हातात तलवार का उगारलेली नाही?

अश्वारूढ पुतळा लोकवर्गणीतून १९६६ मध्ये उभा राहिला. उजवा हात पुढे करून दिशा दाखवणारे महाराज अशी ती मुद्रा आहे. उगारलेल्या तलवारीचे पुतळे महाराष्ट्रभर आहेत, त्यांत हा वेगळा उठून दिसतो. सैन्यापुढे चाललेला सेनानी जितका खरा, तितकाच रयतेचा कारभार बघणारा राजाही खरा, आणि या मुद्रेत तो राजा अधिक जाणवतो, असं मला वाटतं. शिवजयंतीला सकाळी लवकर आलात तर गर्दी होण्याआधी नीट बघता येईल.

११. मुलाला इथे क्रिकेटला घालायचं आहे. काय करू?

मैदानावर अनेक क्लब आणि प्रशिक्षण वर्ग आहेत, प्रत्येकाची नेट्स आणि वेळा ठरलेल्या आहेत. कुठल्याही एकाचं नाव इथे देणार नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान दोन-तीन दिवस येऊन नुसतं बघा, हाच माझा सल्ला. एका नेटमध्ये किती मुलं आहेत, तुमच्या मुलाच्या वयाच्या पोराला तासाभरात किती चेंडू खेळायला मिळतात, प्रशिक्षक चूक दाखवताना बॅट हातात घेऊन दाखवतो की खुर्चीवरून ओरडतो, हे बघितलं की फी विचारायच्या आधीच निम्मा निर्णय होतो.

प्रशिक्षणाच्या बाबतीत या मैदानाची पत रमाकांत आचरेकर सरांनी घडवली. त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित असे खेळाडू तयार झाले. सरांची एक रुपयाची गोष्ट खरी आहे: यष्टीवर नाणं ठेवायचं, जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते मिळणार, आणि सत्र संपेपर्यंत सचिन नाबाद राहिला तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. वांद्र्याहून रोजची ये-जा जड होते म्हणून सचिन पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला, शाळाही बदलून शारदाश्रममध्ये गेला. सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. ३ डिसेंबर २०२४ ला, त्यांच्या जयंतीला, प्रवेशद्वार क्रमांक ५ जवळ त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं.

सगळी मुलं कसोटी खेळत नाहीत. पण सरांच्याच शिष्यांपैकी अमोल मुझुमदार यांना भारताकडून खेळायची संधी कधी मिळाली नाही आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते प्रशिक्षक होते. मुलगा संघात निवडला गेला नाही म्हणून रात्रभर न झोपणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण देते.

१२. एकाच मैदानात एका वेळी इतके सामने कसे चालतात?

सवयीने. सुट्टीच्या दिवशी सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या असतात. एका सामन्याचा कव्हरला उभा असलेला मुलगा दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ करून उभा असतो. शेजारचा चेंडू पायाशी आला, की मान न वळवता उचलायचा, आरोळी आली त्या दिशेने फेकायचा आणि पुन्हा आपल्या गोलंदाजाकडे बघायचं. इथे वाढलेल्या फलंदाजांची एकाग्रता आणि क्षेत्ररक्षकांचे कान दोन्ही तयार होतात, असं जुने प्रशिक्षक सांगतात, आणि मला ते पटतं.

तुम्ही नुसते फिरायला आला असाल तर खेळपट्टी ओलांडू नका, नेटच्या मागून जा, आणि फोनमध्ये डोकं घालून मैदानाच्या मध्यातून चालू नका. सीझनचा चेंडू कठीण असतो.

१३. सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागी इथेच झाली ना? आणि गावसकर इथलेच ना?

दोन्ही नाही. ती भागी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर झाली, शारदाश्रमकडून सेंट झेवियर्सविरुद्ध. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. सराव पार्कातला, विक्रम आझाद मैदानावरचा.

सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर हे दादर युनियनचे. क्लबच्या नावात दादर असलं तरी त्याचं मैदान माटुंग्याला आहे. शिवाजी पार्क जिमखान्याशी त्यांची चुरस हा मुंबई क्लब क्रिकेटचा मोठा अध्याय आहे. पार्काचे म्हणायचे ते विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, संदीप पाटील. वाडेकर कर्णधार असताना १९७१ मध्ये भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकली.

१४. पावसाळ्यात मैदान बंद असतं का?

नाही. चिखल होतो, पण १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ही क्लब क्रिकेटची स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यातच खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो, आणि पंचवीस धावांनाही मान मिळतो. संध्याकाळी चिखलात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना मात्र कुठल्याही लीगची गरज नसते.

१५. क्रिकेट सोडून दुसरं काय शिकता येतं?

मल्लखांब, आणि तो शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. समर्थ व्यायाम मंदिरात पुरलेला लाकडी मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब दोन्ही शिकवतात. मुली मोठ्या संख्येने येतात. उदय देशपांडे सरांनी इथे अनेक पिढ्या घडवल्या, अंध मुलांनाही शिकवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. एरंडेलाचा हात फिरवलेल्या खांबाला लहानगी पोरगी पायाच्या अढीने उलटी लटकून दोन्ही हात सोडते, तेव्हा खाली उभ्या असलेल्या आईचा श्वास अडकतो आणि पोरगी मात्र हसत असते. संध्याकाळी कट्ट्यावरूनही हे दिसतं.

१६. ‘भारत छोडो’ची सभा शिवाजी पार्कवर झाली होती का?

८ ऑगस्ट १९४२ ची ऐतिहासिक सभा गवालिया टँकवर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, झाली. पार्काचा संबंध दुसऱ्या दिवशीचा आहे आणि तो कमी सांगितला जातो. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी ते शिवाजी पार्कवर बोलणार होते. त्यांच्या जागी मी बोलेन, असं कस्तुरबांनी जाहीर केलं आणि सभेला पोचण्याआधीच पोलिसांनी त्यांनाही ताब्यात घेतलं. वक्ता नसतानाही लोक मैदानावर जमले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. कस्तुरबा त्या कैदेतून परत आल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचं निधन झालं.

१७. सगळ्या मोठ्या सभा इथेच का होतात?

जागा मोठी, दादर दोन्ही रेल्वेमार्गांवर, आणि भोवती सभेला चालत येणारी मराठी मध्यमवर्गीय व कामगार वस्ती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांची सभा म्हटली की मैदान भरून रस्त्यांवर माणसं उभी असत. शिवसेनेची पहिली जाहीर सभा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी इथे झाली, पुढे दसरा मेळावा आणि शिवाजी पार्क हे समीकरणच झालं. मनोहर जोशी यांचा मार्च १९९५ मधला आणि उद्धव ठाकरे यांचा २८ नोव्हेंबर २०१९ चा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी याच मैदानावर झाला. १ मे आणि २६ जानेवारीची संचलनंही इथे होतात (२०१४ चं प्रजासत्ताक दिनाचं संचलन मरीन ड्राइव्हवर झालं होतं).

१८. मग खेळायला किती दिवस उरतात?

खेळाखेरीजच्या कार्यक्रमांसाठी वर्षातून जास्तीत जास्त ४५ दिवस मैदान देता येतं. वाचायला हा आकडा लहान वाटतो. पण मांडव घालायला आणि काढायला दिवस लागतात, खड्डे बुजवायला लागतात, रोलर फिरवून खेळपट्टी परत जागेवर आणायला त्याहून जास्त लागतात. व्यासपीठाच्या खांबासाठी एक खड्डा चुकीच्या जागी खणला, तर तिथली खेळपट्टी हंगामभर बिघडते. म्हणून इथले प्रशिक्षक दिवस मोजतात आणि म्हणूनच खेळाडू तक्रार करतात. त्यांची बाजू घ्यायला मला अवघड वाटत नाही.

परवानगी महापालिकेच्या जी-उत्तर विभागाकडून लागते.

१९. हे शांतता क्षेत्र आहे ना? मग लाउडस्पीकर कसा चालतो?

मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिसरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरला जातो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. त्यानंतर प्रत्येक मोठ्या मेळाव्यासाठी न्यायालयात धाव घ्यावी लागायची.

गुंतागुंत २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली. केंद्राने ध्वनिप्रदूषण नियमांत दुरुस्ती केली आणि राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरणार नाही, असं झालं. यामुळे जुन्या आदेशाच्या भरवशावर केलेली तक्रार आज तशीच टिकेल असं धरून चालू नका. एक गोष्ट मात्र पक्की: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. सरकार वर्षातून मोजक्याच, जास्तीत जास्त पंधरा दिवशी, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तक्रारीसाठी प्रश्न २४ पाहा.

२०. दोन पक्षांनी एकाच दिवसासाठी अर्ज केला तर?

२०२२ मध्ये हेच झालं. शिवसेनेच्या दोन्ही गटांनी दसऱ्यासाठी मैदान मागितलं, पालिकेने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन दोघांनाही नकार दिला. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली, शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. त्याआधीची दोन वर्षं कोविडमुळे मेळावा मैदानाबाहेर होता, २०२० मध्ये सावरकर स्मारकाच्या सभागृहात आणि २०२१ मध्ये षण्मुखानंदमध्ये. परंपरेला खंड पडला म्हणून आभाळ कोसळलं नाही, हेही नोंदवायला हवं.

२१. ६ डिसेंबरला मैदानावर काय असतं? आम्ही रहिवाशांनी काय करावं?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झालं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज चैत्यभूमी आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आणि इतर राज्यांतून लाखो अनुयायी येतात. त्यांच्या मुक्कामाची, पाण्याची, शौचालयांची, दवाखान्याची सोय पालिका शिवाजी पार्कवर करते.

त्या दिवसांत मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि तिथली विक्री बघून कुठल्याही प्रकाशकाने हेवा करावा. डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी बाई नातवासाठी संविधानाची प्रत मागते, किंमत दोनदा विचारते, पदराची गाठ सोडून पैसे देते आणि पुस्तक बोचक्यात सर्वांत वर ठेवते. हे दृश्य मी दरवर्षी बघते.

काही रहिवासी अस्वच्छतेबद्दल कुरकुर करतात आणि तीन दिवस गावाला जातात. माझं सांगणं असं, की जाऊ नका. इमारतीचं नळाचं पाणी भरून द्या, फोन चार्ज करू द्या, रस्ता विचारला तर सोबत जाऊन दाखवा. पुष्कळ सोसायट्या आणि संस्था हे करतातही.

२२. इथे अंत्यसंस्कार होऊ शकतात का? मग स्मारक का नाही होऊ शकत?

मैदान हे स्मशान नाही. झाले ते अपवाद शासनाच्या निर्णयाने झाले: १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर.

दोन्ही वेळी त्याच जागी स्मारकाची मागणी आली. बाळासाहेबांसाठी छोटं स्मृतिस्थळ मैदानाच्या कडेला राहिलं आणि मोठं स्मारक समोरच्या महापौर बंगल्यात करायचं ठरलं. लतादीदींच्या वेळी स्वतः हृदयनाथ मंगेशकरांनी या विषयावर राजकारण नको असं सांगितलं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्याबद्दल मनात अपार आदर आहे त्यांच्यासाठीसुद्धा मैदानाचा मधला भाग देऊ नये. प्रत्येक पिढीला आपलं माणूस सर्वांत मोठं वाटतं आणि त्यात चूक काहीच नाही. पण २७ एकरांतून दर पिढीने थोडी थोडी जागा घेतली, तर खेळायला येणाऱ्या मुलासाठी काय उरेल, याचा हिशोब अवघड नाही. स्मारक दुसरीकडे उभारता येतं. दादरमध्ये दुसरं मैदान कुणी आणून देणार नाही.

२३. एवढी धूळ का उडते? गवत का लावत नाहीत?

खेळपट्ट्या आणि जमीन सारखी करण्यासाठी मैदानावर लाल माती टाकली गेली. हजारो पावलांखाली तिचं पीठ होतं, आणि हिवाळ्यात हवा कोरडी झाली की साधं वारं सुटलं तरी ती पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून घरात येते. दमा असलेल्या माणसांचे हाल होतात. ही तक्रार दिखाऊ नाही.

पालिकेने पाणी मारलं, पावसाचं पाणी साठवून मैदानावर फवारायची योजना केली, गवत लावून पाहिलं, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचाही सल्ला घेतला. गवताची अडचण अशी, की ते रुजायला मैदानाला विश्रांती लागते आणि या मैदानाला विश्रांती कधी मिळतच नाही. खेळ आणि कार्यक्रम मिळून ते वर्षभर तुडवलं जातं. पट्ट्यापट्ट्याने, एकेक भाग एका पावसाळ्यापुरता बंद ठेवून गवत वाढवणं शक्य आहे, पण त्यासाठी क्लबांनी आळीपाळीने जागा सोडायला हवी आणि कार्यक्रमांचे मांडव त्या भागात घालायचे नाहीत, हे पालिकेने पाळायला हवं.

२४. तक्रार कुठे करायची?

धूळ, कचरा, बंद दिवे, तुटलेला कट्टा यासाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तोच क्रमांक घालून जी-उत्तर विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रात्री दहानंतर आवाज असेल तर पोलिसांचा ११२, आणि फोन करताना नेमकी वेळ व जागा सांगा. झाडाची फांदी धोकादायक वाटत असेल तर स्वतः माणूस लावून तोडू नका, उद्यान विभागाची परवानगी लागते. एकाच विषयावर दहा घरांनी दहा वेगळे अर्ज दिले तर ते एका सामूहिक अर्जापेक्षा लवकर हलतात, हा इथला अनुभव आहे.